दिवाणांच्या मागे

मी बडोद्याला नोकरीला लागलो आणि जागा बघायला म्हणून समा भागातल्या एका टेनामेंटच्या दारात जाऊन उभा राहिलो. टेनामेंट म्हणजे तिकडे एकाला एक चिकटून बांधलेली छोटी घरं. पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा, वर धाबं. धाबं म्हणजे आपली गच्ची. झोपाळ्यावर एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या पायाशी एक कान उभा, एक कान पडलेला असा तांबूस गावठी कुत्रा. मी नाव, गाव, नोकरी सगळं एका दमात सांगितलं. मासे-मटण खातो हेही भीत भीत सांगून टाकलं, कारण तेवढ्यावरून दोन जागा हातच्या गेल्या होत्या. गृहस्थांचं लक्षच नव्हतं. ते कुत्र्याकडे बघत होते. कुत्रा उठला, माझे बूट हुंगले आणि परत आपल्या जागी जाऊन बसला.

"पहाटे उठता येतं का?" त्यांनी विचारलं.

"उठवलं तर येतं."

"मग झालं तर. दिवाणसाहेबांबरोबर रोज फिरायला यायचं. एवढी एकच अट. वरची खोली तुझी."

मला वाटलं, घरात कोणी थकलेले वडीलधारे असतील, त्यांना हाताला धरून फिरवायचं असेल. पुण्याचं काम आहे म्हणून मी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी अंधारात दारावर थाप पडली, मी डोळे चोळत खाली आलो, तर ओट्यावर तेच दोघं उभे. घरमालक कमरेतून किंचित वाकून कुत्र्याला म्हणाले, "चला, दिवाणसाहेब." आणि दिवाणसाहेब शेपूट वर करून पुढे निघाले.

"आमच्या आजोबांचा जन्म संस्थानच्या नोकरीत गेला," काकांनी नंतर मला समजावलं. "दिवाण पुढे, आजोबा मागे फायली घेऊन. घराण्याची रीत मोडायची कशाला? मी पण दिवाणांच्याच मागे चालतो. माझ्या हातात फाईल नाही एवढंच ने!"

मी त्यांना काका म्हणायचो. सोसायटीतली मुलं त्यांना 'कूतरावाळा काका' म्हणत आणि ते ऐकून काका खूश होत. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते. काकू गेल्यावर जुन्या शहरातलं घर भावांना देऊन ते समाला आले, कारण एकच, इथून विश्वामित्री नदी चालत जाण्याच्या अंतरावर. नदी म्हणजे तिकडे खोल घळी, त्यांना कोतरं म्हणतात, त्यांत बाभळी, गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ, खाली हिरवट पाणी आणि पाण्यात मगरी. साध्या, राजरोस मगरी. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी आहेत याचं बडोदेकरांना काहीच वाटत नाही. मला मात्र पहिला आठवडाभर झोपेत मगरी दिसत होत्या.

या कोतरांच्या काठाकाठाने आमचा त्रिकूट मोर्चा निघायचा. पुढे दिवाण, मधे काका, मागे मी. बोलायचं नाही हा नियम. जे सांगायचं ते काका हातांनी सांगत, आणि तेही रेल्वेच्या पद्धतीने. हात आडवा म्हणजे थांब. हात तिरका खाली म्हणजे हळू ये. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे मगर, आणि हे बघितलं की दिवाण भुंकत. एरवी दिवाण कशावर म्हणजे कशावर भुंकत नसत. चोर आला असता तरी त्यांनी त्याला बसायला जागा दिली असती. पण त्यांचं भुंकणं ऐकलं की काठावर कपडे धुणाऱ्या बायका पाय पाण्यातून वर घेत. इतकी त्यांच्या शब्दाला किंमत होती.

काका पक्षी बघत, पण पक्षी बघणारी जी माणसं पुढे मला भेटली त्यांच्यासारखे नाही. त्यांची दुर्बीण जुनी होती आणि तिच्या एका नळीतून काहीच दिसत नसे. मी एकदा ती दुरुस्त करून आणतो म्हणालो. "राहू दे ने," काका म्हणाले, "एका डोळ्याने पक्षी बघतो, दुसऱ्याने मगर." आणि पक्षी आधी झाडावर शोधायचाच नाही. आधी दिवाणांच्या उभ्या कानाकडे बघायचं. कान वळला की त्या दिशेला हळूच मान वळवायची. आणि दिवाण बसले, तर आपणही जिथे असू तिथे बसायचं, मग खाली चिखल असो की काटे. माझ्या दोन पँटी त्या वर्षी दिवाणांपायी गेल्या.

मी हौसेने पक्ष्यांचं चित्रांचं पुस्तक विकत आणलं. कोतरात एका डहाळीवर हिरवा, बारीक चोचीचा पक्षी बसला होता. मी पानं उलटून नाव काढलं आणि विजयी मुद्रेने काकांच्या कानात म्हणालो, "वेडा राघू."

काकांनी त्याच्याकडे बघत बघत विचारलं, "बरं. काय करतोय?"

"काय करतोय म्हणजे? बसलाय."

"बसलाय असं तुला वाटतं. नीट बघ."

मी बघितलं. तो डहाळीवरून उडायचा, हवेत गिरकी घेऊन त्याच डहाळीवर परत यायचा, आणि चोचीत धरलेली माशी दोन-तीनदा फांदीवर आपटायचा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "नांगी काढतोय," काका म्हणाले. "मधमाशी आहे ने ती. आपण मिरचीचं देठ काढतो तसं. आता सांग, राघू वेडा की तू?"

पुस्तक घरी ठेवून यायचं असा हुकूम झाला. "नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो. समोरच्या बेनचं नाव मला ठाऊक आहे, म्हणून काय मी बेनना ओळखतो?" असं म्हणून ते स्वतःशीच हसले. मी दिवसभर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतला रंग बदलतो का ते बघायचो, आणि सकाळी हा माणूस पुन्हा बघायलाच बसवायचा. कधी कधी भयंकर राग यायचा. तरी दुसऱ्या दिवशी थाप पडायच्या आधीच जाग येत असे, हेही खरं.

काकांचं आवडतं वाक्य होतं 'माहीत नाही'. बाकी माणसं ते खालच्या आवाजात म्हणतात. काकांचा मात्र ते म्हणताना चेहरा खुलायचा. सातभाई झोपताना रांगेत मधली जागा कोणाला मिळते? माहीत नाही. शिंपी पक्ष्याला पान शिवायला कोण शिकवतं? माहीत नाही. एकदा सोसायटीच्या बागेत हुदहुद उतरला आणि गवतात चोच खुपसून काहीतरी ओढून काढू लागला. काय काढतो ते दिसेना, म्हणून काका त्याच्याच उंचीवर आले, म्हणजे गवतात पालथे पडले. समोरच्या बेननी खिडकीतून बघितलं आणि बोंब ठोकली, "हाय हाय, काकाने एटेक आव्यो!" सगळी सोसायटी धावली. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा आणला, कोणी रिक्षा बोलावली. काकांनी पालथ्यानेच एक बोट वर केलं आणि कुजबुजले, "धीमे बोलो. ए जमे छे."

'हळू बोला, तो जेवतोय' एवढंच ते वाक्य, पण बेननी पुढे महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

सकाळची फेरी संपली की आम्ही फतेगंजकडच्या एका लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव-उसळ खायचो. त्या तिखट तर्रीने माझ्या नाकातून पाणी यायचं आणि काका समाधानाने बघत राहायचे. दिवाणांना कोरे पाव मिळत. बोलायचं ते सगळं इथे. मी बाहेरचा म्हणून काकांना माझ्या गावाकडच्या पक्ष्यांबद्दल विचारायची फार हौस. मी एकदा सांगितलं, आमच्या सांगलीकडे टिटवी घरावरून ओरडत गेली की आई खिडकी लावून घेते, अशुभ समजतात.

"अरे, इकडे तीच टिटोडी पावसाची ज्योतिषी आहे!" काका म्हणाले. मग त्यांनी मला ती सगळी भानगड सांगितली. टिटोडी जमिनीवर, उघड्यावरच अंडी घालते. घरटं असं नसतंच, चार खडे इकडे, चार तिकडे, की झालं. पण गुजरातेत लोक ती अंडी शोधतात. अंडी उंचावर असली तर पाऊस जोरात. आणि जितक्या अंड्यांची टोकं खाली तितके महिने पाऊस. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावात अंडी सापडतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो.

"तुमचा विश्वास आहे?" मी विचारलं.

"टिटोडीवर आहे. बघायला येणाऱ्यांवर नाही." आणि मग ते एकदम गंभीर झाले. "ऐक. घरटं दिसलं तर मान फिरवायची आणि चालायला लागायचं. खबर कोणाला द्यायची नाही. सख्ख्या भावाला पण नाही. बाकी तुझे सगळे गुन्हे माफ, हा एक माफ नाही."

तेव्हाच त्यांनी त्यांची जुनी गोष्ट सांगितली. नोकरीत असताना त्यांच्या सिग्नल केबिनच्या छपरावर टिटोडीने अंडी घातली होती. काका रोज शिडीवरून बघत. अंड्यांतून पिल्लं आली तेव्हा त्यांना प्रश्न पडला की ही खाली कशी येणार? टिटोडीची पिल्लं दुसऱ्या पिल्लांसारखी घरट्यात बसून भरवून घेत नाहीत, पहिल्याच दिवशी चालून स्वतःचं खाणं शोधतात. छपरावर खायला काय मिळणार? काका शिडीवर उभे राहून वाट बघत होते, तेवढ्यात मालगाडी आली. गाडी काढून परत येतात तो छप्पर रिकामं आणि पिल्लं खाली खडीवर आईच्या मागे पळतायत.

"कशी उतरली?" मी विचारलं.

"माहीत नाही," काका म्हणाले, पण या वेळी चेहरा खुलला नाही. "एवढं एक मला बघायचं आहे. कोणी सांगितलेलं नको. बघायचं आहे."

मी आलो त्या वर्षी समाच्या आजूबाजूला शेतं होती. बघता बघता त्यांत खुंट्या रोवल्या गेल्या, चुन्याच्या रेघा पडल्या, आणि जिथे आम्ही तितर बघायचो तिथे 'बुकिंग चालू'चे बोर्ड लागले. आमच्या सोसायटीला लागूनच एका बिल्डरने दोन मजली फ्लॅट्स काढले. माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचा वरचा स्लॅब पडून झाला होता, धाब्याचा कठडा तीन बाजूंनी उभा होता, चौथी बाजू मोकळी होती. एका सकाळी त्या बांधकामापाशी दिवाण बसले. रस्त्याच्या मधोमध. कान सरळ वर.

काकांनी वर बघितलं. एक टिटोडी आमच्या डोक्यावरून चित्कारत गेली. काका हात आडवा धरून थोडा वेळ उभे राहिले, मग कच्च्या जिन्याने हळूहळू वर चढले. मी मागोमाग. धाब्यावर कपची, म्हणजे बारीक खडी, पसरलेली होती. मला काहीही दिसलं नाही. काकांनी माझी मान धरून वळवली तेव्हा कुठे कळलं की पावलापासून हातभर अंतरावर त्या कपचीतले चार दगड हे दगड नाहीत.

खाली येताना मिस्त्री भेटला. त्याला अंडी ठाऊकच होती. तो भला माणूस होता, पण त्याने सांगितलं की चार दिवसांत धाब्यावर चिनी मातीचे तुकडे बसवायचं काम सुरू होणार, पावसाआधी ते व्हायलाच हवं. "चार ईंडां माटे काम कोण रोके, काका?" चार अंड्यांसाठी काम कोण थांबवणार, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

त्या दिवशी काकांनी सेव-उसळ टाकली. मला वाटलं आता ते बिल्डरकडे जातील, भांडतील. ते गेले नाहीत. संध्याकाळभर झोपाळ्यावर बसून होते, झोपाळा मात्र हलत नव्हता. दुसऱ्या सकाळी फिरून आल्यावर ते थेट समोरच्या बेनच्या ओट्यापाशी गेले. बेन तांदूळ निवडत होत्या. काका इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "बेन, कोईने कहेता नहीं, हां. पेला नवा धाबा पर टिटोडीए ईंडां मूक्यां छे. चारे चारनी अणी नीचे."

नव्या धाब्यावर अंडी, चारही टोकं खाली. मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. हा माणूस, ज्याने सख्ख्या भावालाही सांगू नको म्हणून मला बजावलं होतं! काका परत येऊन झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "कोणाला सांगू नका म्हटलंय. दुपारपर्यंत अख्ख्या समाला कळेल." त्यांचा चेहरा उतरलेला होता.

दुपारही व्हावी लागली नाही. साडी सावरत बायका आल्या, स्कूटरवरून माणसं आली. संध्याकाळी खुद्द बिल्डर आला, नारळ घेऊन. त्याचं मूळ घर शेतकऱ्याचं, गावी जमीन होती. चारही टोकं खाली म्हणजे चार महिने पाऊस, आणि तोही आपल्या स्कीमच्या धाब्यावर लिहिलेला! त्याने हात जोडले, नारळ फोडला आणि मिस्त्रीला सांगितलं की टिटोडी उठेपर्यंत वर कोणी घमेलं न्यायचं नाही. काम थांबलं. काकांनी निम्मी लढाई जिंकली होती.

उरलेली निम्मी त्यांच्या अंगाशी आली. लोक येतच राहिले. उन्हाळ्यातलं बडोद्याचं ऊन, त्यात ते उघडं धाबं. टिटोडी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. मधून मधून जाऊन पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार करते. माणूस वर आला की ती उठे, आणि ती उठली की अंडी तापत. शेवटी काकांनी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली, शेजारी दिवाणांना बसवलं आणि दर्शनाच्या वेळा ठरवल्या. सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यावर. बाकी वेळ कोणी वर आलं तर काका उठून उभे राहत, इतकंच. सहा फूट माणूस नुसता उभा राहिला तरी पुरतो.

तरी एक दिवस घोटाळा झालाच. सोसायटीचे प्रमुख सकाळी दर्शनाला आले. मोठे सज्जन, सगळ्यांचं भलं बघणारे. त्यांना एक अंडं जरा आडवं दिसलं. आता एक आडवं म्हणजे एक महिना पाऊस कमी. त्यांनी वाकून, दोन बोटांनी, अगदी हळुवारपणे ते अंडं टोकावर उभं करून ठेवलं आणि काकांना म्हणाले, "हवे बराबर," म्हणजे आता ठीक. माणसाचा हात लागल्यावर पक्षी अंडी टाकून जातो असं आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं. खरं की खोटं, काकांनाही माहीत नव्हतं, आणि या वेळी ते माहीत नसणं त्यांना झेपत नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला.

आम्ही जिन्याच्या फटीतून बघत बसलो. ऊन वर आलं. टिटोडी दूर कपचीवर एका पायावर उभी. मग चालत आली. थांबली. परत मागे गेली. पुन्हा आली, मान वाकडी करून त्या उभ्या अंड्याकडे तिने बघितलं, चोचीने त्याला एक ढुशी दिली आणि आडवं केलं. मग आपल्या पद्धतीने चारही सरकवून, वर बसली. काकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "प्रमुखाने मांडलं, तिने रद्द केलं," ते म्हणाले, आणि तोंडावर हात दाबून लहान पोरासारखे हसायला लागले.

पिल्लं उतरणार कशी, यावर आता अख्ख्या सोसायटीत पैजा लागल्या होत्या. बेन म्हणत, आई पाठीवर घेऊन उतरते. प्रमुख म्हणत, चोचीत धरते. लारीवाला म्हणे, पायांत. मिस्त्रीचं मत होतं की पंख फुटेपर्यंत ती वरच राहतात. काकांना विचारलं की ते नुसते मान हलवत. ते रात्रीचे चार तास सोडले तर तिथून हलत नव्हते. त्यांची नजर त्या मोकळ्या बाजूवर होती.

आणि एके सकाळी पिल्लं आली. चार कापसाचे गोळे, त्यांना काड्यांचे पाय. बातमी कशी पसरली कोण जाणे. सूर्य वर येईपर्यंत धाब्यावर माणसं, जिन्यात माणसं, आजूबाजूच्या सगळ्या धाब्यांवर माणसं. वर्तमानपत्राचा फोटोवाला कॅमेरा लावून बसलेला. काका सगळ्यांना हात जोडत होते, मागे सरा म्हणत होते. लोक दोन पावलं मागे सरत आणि चार पुढे येत. टिटोडीची जोडी डोक्यावर घिरट्या घालून घालून ओरडत होती, पण खाली उतरेना. अँटेनावर कावळे जमू लागले. पिल्लं कपचीला पोट टेकून पडली होती आणि चोची उघडून धापा टाकत होती.

काका माझ्याजवळ आले. "ती नाही येणार. एवढ्या डोळ्यांदेखत नाही. तासाभरात पिल्लं भाजतील."

"मग सगळ्यांना जायला सांगू या."

"सांगून कोण जातं? मी गेलो असतो का?" त्यांनी पिल्लांकडे बघितलं. मग त्या मोकळ्या काठाकडे. बराच वेळ. मग म्हणाले, "तू जिन्यात बस. एकदा सगळे उतरले की कोणाला वर येऊ देऊ नकोस."

त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं. "काका, तुम्ही थांबा. मी पळतो. तुम्हाला बघायचं आहे!"

"तू पळालास तर दिवाण तुझ्याबरोबर येणार नाहीत. आणि दिवाणांशिवाय लोक येणार नाहीत."

ते जिना उतरून रस्त्यावर गेले. मी वरून बघत होतो. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस रस्त्याच्या मध्यावर उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर उंच केले, आणि दिवाण भुंकायला लागले. काका ओरडले, "मगर! मगर बहार आवी!" आणि नदीकडे धावत सुटले. दिवाण पुढे, काका मागे.

एका क्षणात धाबं मोकळं झालं. दिवाण भुंकले म्हणजे मगर असणारच. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला आणि जिन्यात माझ्या पायावर पाय देऊन गेला. बेन गेल्या, प्रमुख गेले, शेजारची धाबी ओस पडली. नंतर मला कळलं की कोतरात खरोखरच पलीकडच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती, नेहमी पडते तशी. त्यामुळे काका खोटं बोलले हे आजतागायत तिथे कोणाला ठाऊक नाही.

मी जिन्याच्या तोंडाशी पोटावर पडून राहिलो. सगळं शांत झालं. एक टिटोडी थेट खाली मोकळ्या प्लॉटवर उतरली आणि तिथून हळू, मऊ आवाजात बोलवू लागली. तो आवाज मी तिचा कधीच ऐकला नव्हता. पिल्लं उठली. कपचीवरून अडखळत मोकळ्या काठापर्यंत आली. पहिलं काठावर उभं राहिलं, आणि त्याने सरळ पाऊल पुढे टाकलं. हवेत. मग दुसरं, मग तिसरं. मी सरपटत काठापर्यंत गेलो. खाली गवतात ती पडली होती, दबकून बसली होती, आणि मग एक एक उठून, अंग झटकून चालायला लागली. चौथं माझ्या शेजारूनच गेलं. इतकं जवळून, की मला हात पुढे करावासा वाटला. मी केला नाही. तेही पडलं, उठलं आणि चालायला लागलं. मला रडू फुटलं, ते का हे मला सांगता येणार नाही.

काका परत आले तेव्हा घामाने भिजले होते. धाबं रिकामं होतं. खाली प्लॉटवर चार गोळे आईच्या मागे पळत होते. काकांनी ते बघितलं आणि ओट्यावर मटकन बसले. मी धावत जवळ गेलो. "काका, मी बघितलं! ती ना..."

त्यांनी हात आडवा धरला. थांब.

"सांगू नकोस," ते म्हणाले. "मी बघणार आहे."

त्यानंतरचे दोन उन्हाळे काका बडोदं पालथं घालत होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वासण्यापर्यंत जाऊन अनोळखी माणसांच्या दारांच्या घंट्या वाजवायचे. "तमारा धाबा पर टिटोडी छे?" लोक आधी कुत्र्याकडे बघायचे, मग त्यांच्याकडे. काहींनी चहा दिला, काहींनी दार लावून घेतलं. जमिनीवर अंडी सापडली, धाब्यावर नाही. शेतं संपत चालली होती, धाब्यांवर डिश अँटेना आल्या होत्या. काकांचे गुडघे दुखायला लागले होते. मी कितीदा तरी तोंड उघडून पुन्हा मिटलं.

मग मला पुण्याला चांगली नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सामान रिक्षात भरलं, काकांना वाकून नमस्कार केला, दिवाणांच्या डोक्यावरून हात फिरवला. रिक्षा सुरू झाली आणि काकांनी एकदम दांडा धरला.

"बंध कर भाई, एक मिनिट." रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. काका आत डोकावले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग."

मला फार वाईट वाटलं. हरले म्हणूनच विचारतायत, हे मला कळत होतं. मी सांगितलं. आई खाली कशी उतरली, कशी बोलवत होती, पहिल्याने पाऊल कसं टाकलं, चौथं माझ्या शेजारून कसं गेलं. काका डोळे मिटून ऐकत होते. रिक्षावालाही मागे वळून ऐकत होता.

माझं सांगून झालं. काकांनी डोळे उघडले. "एक खाली बोलवत होती. दुसरा कुठे होता?"

"दुसरा कोण?"

"जोडी असते ने! एक खाली. दुसरा त्या वेळी काय करत होता? वर होता? पिल्लांच्या मागे होता? कावळ्यांना हाकलत होता?"

मी आठवून आठवून बघितलं. तो दुसरा पक्षी मला कुठेच दिसेना. "काका, मी... मी पिल्लांकडेच बघत होतो. दुसरा कुठे होता ते माहीत नाही."

"माहीत नाही?"

"नाही."

काकांचा चेहरा उजळत उजळत गेला. त्यांनी दांडा सोडला आणि पाठ सरळ केली. "मग तू अर्धंच बघितलंस रे!" ते जवळजवळ ओरडले. "म्हणजे बघायचं बाकी आहे अजून!" रिक्षाच्या टपावर त्यांनी एक थाप मारली, जा म्हणून, आणि मी निघायच्या आधीच वळून चालायला लागले. दुखऱ्या गुडघ्यांनी, झपाझप, दिवाणांच्या मागे, माझ्याकडे एकदाही वळून न बघता.